बगळ्याचा पाय

राखेच्या बुधवारी चर्चमधली सकाळची मिसा आटोपून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन व्हर्ना क्रेमेनाक घरी आली, तेव्हा यंदाचं व्रत तिने नुकतंच बोललं होतं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात गावात कुणी बिअर सोडतं, कुणी चॉकलेट सोडतं. व्हर्ना दरवर्षी असं काहीतरी सोडायची, की ज्याची तिला खरोखर चटक आहे. यंदा तिने कडू बोलणं सोडलं होतं. ईस्टरपर्यंत कुणाच्या जिव्हारी लागेल असा शब्द तोंडातून काढायचा नाही. फादर तिच्याकडे बघून गालात हसले होते. त्यांनी तिची जीभ वर्षानुवर्षं ऐकलेली.

आणि दाराच्या पत्रपेटीत ग्रेट इंटीरियर रेल्वेचं पत्र येऊन पडलं होतं.

स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तिने ते वाचलं. मग कोट न काढता खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. टेबलाशी तिचा बाप, नव्वदीला टेकलेला लॅड क्रेमेनाक, दुधात पाव बुडवत होता.

"काय गं, कोण मेलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही, ताता. तुमच्या बगळ्याला मालक मिळालाय."

पूर्वी गावातून जाणाऱ्या वॅप्सी नॉर्दर्न रेल्वेच्या प्रत्येक इंजिनावर आणि मालडब्यावर एक निळा बगळा असायचा. एका पायावर उभा, मान किंचित वळलेली, जणू मागून येणाऱ्या गाडीकडे बघतोय. तो लॅडने काढलेला. गावातल्या रेल्वेच्या पेंट शॉपमध्ये तो पाट्या आणि अक्षरं रंगवायचा, आणि कंपनीला चिन्ह हवं होतं तेव्हा नदीकाठी जाऊन बगळा बघून आला होता. पुढे ग्रेट इंटीरियरने वॅप्सी गिळली. पेंट शॉपला कुलूप लागायच्या आधीच्या आठवड्यात लॅडला शेवटचं काम मिळालं: सगळे बगळे करड्या रंगाने पुसून टाकायचे. त्याचे त्यानेच पुसले. त्या आठवड्याचा पगार मात्र वेळेवर दिला होता.

व्हर्ना तेव्हा वर्तमानपत्राच्या छापखान्यात होती. छापखाना बंद पडला तसं तिने तिथलं एक जुनं यंत्र घरामागच्या शेडमध्ये आणून बसवलं, आणि छोट्या खेळातल्या आगगाड्यांसाठी बगळे छापू लागली. खेळ म्हटलं की गाव हसायचं, पण देशभर हजारो मोठी माणसं या छंदात बुडालेली. तळघरात रूळ अंथरून, खऱ्या गाड्यांच्या हुबेहूब लहान गाड्या करून ती माणसं वॅप्सीसारख्या मेलेल्या रेल्वे चालवत बसायची. व्हर्नाचा बगळा म्हणजे पाण्यात भिजवला की कागदावरून सुटणारा, माशीच्या पंखाइतका पातळ पापुद्रा. डब्याच्या कुशीवर अलगद सरकवायचा, ओला असतानाच सरळ करायचा, आणि वाळला की वाटावं रंगवलाच आहे. त्यावर बापलेकीचं घर चालायचं. थाटात नाही, पण चालायचं.

पत्रात म्हटलं होतं की ग्रेट इंटीरियर आणि तिच्यात विलीन झालेल्या सगळ्या रेल्वे कंपन्यांची नावं, अक्षरं आणि चिन्हं हे कंपनीचे ट्रेडमार्क आहेत. ती छापायची तर परवाना घ्यावा लागेल. परवान्याची फी आगाऊ, त्यावर विकलेल्या प्रत्येक कागदामागे हिस्सा, आणि विक्रीपूर्वी दर्जाच्या तपासणीसाठी नमुने कंपनीकडे. नाहीतर छपाई थांबवून शिल्लक माल नष्ट करावा.

"दर्जा!" व्हर्ना म्हणाली. "दर्जा तपासणार म्हणे!" तिच्या तोंडाशी एक शब्द आला. तो तिने गिळला. गरम बटाटा गिळल्यासारखा तो छातीतून जळत खाली गेला.

लॅड खो खो हसला. "मला नाही ना फी लावली? मी किती काढले, त्यांना माहितीय का?"

"हसू नका, ताता."

"मग काय करू? तू तर उपास धरलायस. आता घरात बोलायचं काम माझ्याकडे."

*

उपवासकाळातल्या दर शुक्रवारी सेंट वेन्सेस्लॉस चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशाचं जेवण असायचं. वर मासा, कोबीची कोशिंबीर आणि राय पाव. खाली तळघरात मॉडेल रेल्वे क्लबची मांडणी सगळ्यांसाठी खुली. जेवून लोक पोरंबाळं घेऊन खाली उतरत आणि दाराशी ठेवलेल्या डब्यात दोन नोटा टाकत. तिथे त्यांचंच गाव होतं, पण वॅप्सीच्या काळातलं. धान्याचं कोठार, नदीवरचा पूल, पेंट शॉप, त्याच्या दारात ब्रश घेऊन उभा अंगठ्याएवढा लॅड. आणि पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर व्हर्नाचा बगळा.

क्लबचा अध्यक्ष मर्लिन थायसन, वॅप्सीतला जुना गार्ड. दांडगा, मोठ्या आवाजाचा, मनाने मऊ. व्हर्नाबरोबर शाळेत होता आणि एका नाचाच्या संध्याकाळी तिच्या पायावर पाय देऊन पडला होता. ते गाव अजून विसरलं नव्हतं. त्याने तिला माशाच्या रांगेतून बाजूला ओढलं.

"तुला पत्र आलं ना? मला फोन आला. थेट ओमाहाहून, कंपनीच्या मुख्य कचेरीतून!" तो कुजबुजला. त्याची कुजबुज तीन टेबलांना ऐकू गेली. "अगं, ते नवं इंजिन रंगवतायत. जुन्या रेल्वेंच्या आठवणीसाठी. वॅप्सीचा रंग, वॅप्सीचं नाव, बगळा! आणि उद्घाटन कुठे? आपल्या गावात! झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी."

"पुसला त्यांनीच," व्हर्ना म्हणाली.

"ते जुनं झालं गं. आता परत काढतायत ना? आणि ऐक, पाहुणे आपली मांडणी बघायला येणारेत. कंपनी आपल्या क्लबला मदत करणार. सभागृहाचं छप्पर गळतंय, ते करून देतील."

"आणि त्याबदल्यात?"

मर्लिनने ताटातला मासा उगाच उलटा केला. "त्याबदल्यात काही नाही. फक्त... परवाना नसलेलं काही मांडणीवर दिसायला नको, असं फोनवरची ती बाई म्हणाली. तू परवाना घेऊन टाक ना. कटकट मिटेल."

"माझ्या बापाने काढलेला बगळा छापायला मी त्यांना पैसे देऊ?"

"कायदा तसाच आहे, व्हर्ना. आपण काय कायद्याच्या वरचे आहोत का?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मर्लिन, तू कायद्याबद्दल बोलू नकोस, तुझ्या ट्रकला गेल्या वर्षीपासून दिवा नाही." सगळे हसले. व्हर्नाही हसली असती. पण तिने तोंड उघडलं असतं तर हसण्याबरोबर दुसरंही काही बाहेर पडलं असतं. म्हणून ती मासा न घेताच घरी गेली.

पुढचे आठवडे तिने परवान्याचे कागद टेबलावर तसेच पडू दिले. सही न करावी तर छपाई बंद. सही करावी तर त्यातल्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं की सही करणारा मान्य करतो की हे चिन्ह पूर्णपणे कंपनीचं आहे. कॉफी पिताना तिची नजर त्या ओळीवर जायची आणि कॉफी कडू व्हायची. रोज सकाळी मिसेत ती गुडघे टेकून म्हणायची, देवा, राग जावो म्हणत नाही, पण तो तोंडापर्यंत येऊ देऊ नकोस.

देवाने ऐकलं असावं, कारण नंतरच्या एका शुक्रवारी तिची खरीच परीक्षा झाली. ताताचं ताट वाढून घेऊन ती सहज तळघरात डोकावली. मांडणीभोवती क्लबचे सगळे म्हातारे चष्मे नाकावर घेऊन बसले होते. प्रत्येकासमोर स्पिरिटची वाटी, हातात कापसाची काडी. ते एकेक डबा उचलत, काडी ओली करत, आणि बगळा पुसत होते. निळा रंग कापसावर उतरत होता. टेबलावर निळ्या काड्यांचा ढीग पडला होता.

मर्लिनच्या हातात इंजिन होतं. त्याने वर पाहिलं आणि तो हलायचा थांबला.

"उद्घाटनापुरतं गं," तो म्हणाला. "नंतर परवान्याचे लावू. कुठली तरी मोठी कंपनी काढणारेय."

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याच माणसांनी वॅप्सी बुडाली तेव्हा दारूच्या गुत्त्यात बसून टिपं गाळली होती. लॅडने करडा रंग फासला तो पोटासाठी, आणि घरी येऊन जेवला नव्हता. ही माणसं पाहुण्यांसाठी पुसत होती, आणि मध्ये मध्ये लोणच्याची काकडी खात होती.

"काड्या कमी पडतील," ती एवढंच म्हणाली. "घरून आणून देऊ का?"

मर्लिनने इंजिन खाली ठेवलं. तिलाही समजलं की हे कडू बोलणंच झालं. आवाज गोड असला म्हणून काय. शनिवारी तिने फादरकडे कबुली दिली. फादर म्हणाले, "ह्याला मी अर्धंच पाप म्हणेन."

*

उद्घाटनाच्या दिवशी ऊन होतं आणि वारा बोचरा. जुन्या स्टेशनाजवळ शाळेचा बँड, फुकटच्या टोप्या, आणि रुळावर निळ्या कापडाखाली झाकलेलं इंजिन. व्हर्नाने ताताला चाकांच्या खुर्चीत बसवून पुढे आणलं होतं. त्याला यायचंच होतं. दाढी करून, टाय लावून, रविवारचा कोट घालून तो सकाळपासून दारात बसला होता.

"वर्षं झाली त्याला बघून," तो म्हणत होता. "मोठ्या आकारात, म्हणजे."

कंपनीकडून कोर्टनी हॅल्स्टेड नावाची बाई आली होती. परवान्यांचं खातं तिच्याकडे. पत्रावर तिचीच सही. तिशीची, नीटनेटकी, थंडीने नाक लाल झालेली. तिने वारशाबद्दल भाषण केलं, गावाचे आभार मानले, आणि दोरी ओढली.

कापड सरकलं. टाळ्या झाल्या. बँडने पोल्का नाचाची धून धरली.

आणि टाळ्या थांबायच्या आत लॅड क्रेमेनाकचा आवाज वाऱ्यावर सगळीकडे गेला: "अरे, माझ्या बगळ्याला हत्तीरोग कुणी लावला?"

व्हर्नाने पाहिलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

इंजिनाच्या कुशीवर माणसाच्या उंचीचा बगळा उभा होता. मान बरोबर, पंख बरोबर. पण पाय! दंडाएवढा जाड, सरळसोट, गुडघ्याची गाठ नाही, खाली दोनच बोटं. खांबावर बसवलेला पक्षी.

तो पाय तिचा होता. तिने काढलेला.

खऱ्या डब्याहून सत्त्याऐंशीपट लहान बगळा छापायचा म्हटला तर त्याचा पाय केसासारखा बारीक होतो. शाईत तो तुटायचा, पाण्यात पापुद्रा सुटताना तर हटकून तुटायचा. म्हणून पहिल्या वर्षीच तिने पाय जाड केला, गुडघा काढला, पुढच्या तीन बोटांची दोन केली, मागचं गाळलं. ताता तेव्हा कुरकुरला होता. ती म्हणाली होती, "इतक्या लहान आकारात कोण बघतंय? लांबून पाय दिसला म्हणजे झालं." आणि खरंच, लांबून तो नाजूकच दिसायचा. हे काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं: लहान करताना थोडं खोटं काढावं लागतं, तेव्हा ते डोळ्याला खरं वाटतं. ते खोटं परत मोठं करायचं नसतं.

कंपनीने मोठं केलं होतं. जुनी चित्रं त्यांनी पेंट शॉपबरोबर कचऱ्यात घातली, आणि आता बगळा हवा झाला तेव्हा व्हर्नाचा चार डॉलरचा कागद कुठून तरी पैदा करून, फुगवून, इंजिनावर फासला. तोच कागद, जो छापायला ते तिच्याकडे फी मागत होते.

आजूबाजूला लोक हसत होते. मर्लिन हसत नव्हता. त्याला तो कागद पाठ होता; त्याने तसे शेकडो पाय डब्यांवर सरळ केले होते. तो इंजिनाकडे बघत होता, मग व्हर्नाकडे, मग बुटांकडे.

कोर्टनी हॅल्स्टेड खुर्चीपाशी येऊन वाकली. "आजोबा, काही चुकलंय का?"

"पोरी, बगळा कधी बघितलायस?"

"फोटोत."

"मग तुला काय सांगू!"

बाईने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नाच्या तोंडात एवढे शब्द जमले होते की दात दुखत होते. ईस्टरला अजून आठवडा होता. तिने फक्त खुर्ची वळवली आणि ताताला घरी नेलं. मांडणी बघायला गेली नाही. नंतर तिने ऐकलं की पाहुण्यांना ती फार आवडली. एकाने विचारलं म्हणे, सगळे डबे कोरे का?

*

ईस्टरच्या सोमवारी दुपारी मर्लिनचा ट्रक अंगणात आला. शेजारी कोर्टनी हॅल्स्टेड बसली होती.

टेबलावर कालचं डुकराचं मांस, गोड पाव, रंगवलेली अंडी होती. व्हर्नाने दोघांना बसायला सांगितलं, कॉफी ओतली. व्रत सुटलं होतं. आठवडाभर तिने मनात वाक्यं रचली होती, एकाहून एक धारदार. आता ती सगळी जिभेवर येत होती, आणि व्हर्ना त्यांना थोडं थांबा म्हणत होती.

"मिस क्रेमेनाक, मी सरळच बोलते," कोर्टनी म्हणाली. "इंजिनावरच्या चित्रात त्रुटी आहे. आम्हाला फार पत्रं आली. छंदवाले लोक... त्यांचं फार बारीक लक्ष असतं."

"असतं," व्हर्ना म्हणाली. "ते चित्र कुठून घेतलंत?"

"आमच्या चित्रकारांनी शोधलं. इंटरनेटवरून वगैरे."

"माझ्या कागदावरून."

"ते सिद्ध करणं अवघड आहे."

"त्या पायाला गुडघा नाही. जगात असा बिनगुडघ्याचा बगळा एकाच ठिकाणी आहे, ह्या अंगणातल्या शेडमध्ये. मर्लिन, सांग की यांना. तू ओळखलास की नाही?"

मर्लिनने अंडं सोलायला घेतलं. "ओळखला," तो अंड्याला म्हणाला.

कोर्टनीने हात टेबलावर ठेवले. "म्हणूनच मी आलेय. मिस्टर थायसन म्हणाले की मूळ चित्र तुमच्या वडिलांकडे आहे. ते आम्हाला द्या. आम्ही पाय दुरुस्त करू. आणि तुम्हाला परवाना मोफत. आयुष्यभर. फी नाही, हिस्सा नाही, तपासणी नाही."

व्हर्नाला वाटलं होतं, असं काही ऐकून राग तरी मोकळा होईल. झालं उलटंच. ही बाई वाईट नव्हती. तिने ज्याचं त्याला परत देऊ केलं होतं, आणि ते भेट म्हणून देऊ केलं होतं.

"दे त्यांना," लॅड म्हणाला.

"ताता!"

"दे म्हणतो ना. मला झोप नाही लागत, व्हर्ना. डोळे मिटले की तो पाय दिसतो. लोक म्हणतील लॅड क्रेमेनाकने हा काढला. सगळ्या देशातून फिरणार तो तसा. पाय नीट होऊ दे, मग मी सुखाने मरेन, आणि तुझं छापणंही चालू राहील."

चित्र म्हणजे साधं चित्र नव्हतं, तो टोचणीचा कागद होता. पाट्या रंगवणारे पूर्ण आकाराचं चित्र जाड कागदावर काढत, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडत, कागद डब्याला लावत आणि त्यावरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटत. कागद काढला की पत्र्यावर ठिपक्यांचा बगळा. पेंट शॉप बंद झालं त्या दिवशी लॅडने तो गुंडाळून चुलीच्या जुन्या धुराड्याच्या नळीत घातला आणि कोटाखाली धरून घरी आणला. तेव्हापासून नळी शेडच्या आढ्याला होती.

"सही कुठे करायची?" व्हर्नाने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

कोर्टनीने कागद पुढे केला. व्हर्नाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागली, ताताला ऐकू जावं म्हणून. हे चिन्ह प्रथमपासून कंपनीचं असून लॅडिस्लाव क्रेमेनाक यांनी ते पगारी नोकर म्हणून कंपनीच्या आदेशाने उतरवलं. मूळ कागद हा कंपनीचाच असून तो परत करण्यात येत आहे. क्रेमेनाक कुटुंबापैकी कुणीही परवान्याबाहेर हे चिन्ह काढणार, छापणार वा दाखवणार नाही.

"थांब," लॅड म्हणाला. "परत करण्यात येत आहे?"

"ही वकिलांची भाषा असते, आजोबा," कोर्टनी म्हणाली.

"म्हणजे मी चोरला होता."

"तसं कुणी म्हणत नाही."

"आणि काढणार नाही म्हणजे? मी उद्या पोटमाळ्यावर बसून पेन्सिलीने काढला तर?"

"घरगुती वापराला आमची काही हरकत नसेल."

"हरकत नसेल!" म्हाताऱ्याने टेबलावर मूठ आपटली. अंडी गडगडली. जो माणूस गेला सगळा उपवासकाळ हसत होता, त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "तो नदीकाठी चिखलात कंबरभर उभा राहून मी बघितला. तेव्हा तुमचा आदेश कुठे होता? तुमचा एकच आदेश मला आठवतो, पुसून टाक! तो मी पाळला. आता म्हणतात, काढू नको. काढायला सांगणारं कुणी नव्हतं गं पोरी, मी आपला काढला!" तो धापा टाकू लागला. "व्हर्ना. नळी काढ. कोळसा आहे?"

"आहे."

"चल मग."

शेडचं मोठं दार रुळाकडे तोंड करून होतं. कुंपणापलीकडून ग्रेट इंटीरियरच्याच गाड्या जायच्या. व्हर्नाने शिडीवर चढून नळी काढली. कागद पिवळा पडला होता, कडा झिजल्या होत्या, पण भोकं शाबूत. तिने तो दाराला टाचला, जुन्या मोज्यात कोळशाची भुकटी घालून पुरचुंडी बांधली आणि थोपटायला सुरुवात केली. चोच, मान, पंख. खुर्चीतून ताता सांगत होता: "हळू. घासू नको, थोपट. पोळी थोपटतेस तशी." काळी धूळ तिच्या बाह्यांवर, ईस्टरच्या झग्यावर बसत होती.

तिने कागद खाली काढला.

करड्या फळ्यांवर ठिपक्यांचा बगळा उभा होता, आणि त्याचा पाय. अंगठ्याएवढा बारीक, मध्ये गुडघ्याची गाठ किंचित मागे, त्या गाठीत सगळं अंग तोललेलं. तीन बोटं पुढे, एक मागे. इतका सोपा, की इतके दिवस आपण दुसरं काही बघत होतो याचीच लाज वाटावी.

लॅड बघत राहिला. मर्लिनने टोपी काढली.

"किती सुंदर आहे," कोर्टनी म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं होतं. मग तिला आपलं काम आठवलं. "एक मिनिट हं, माझा कॅमेरा गाडीत आहे." आणि ती झपाझप ट्रककडे गेली.

व्हर्नाने तिची पाठ पाहिली. वाक्यं सगळी जिभेवर तयार होती, आठवडाभर घासलेली. तिने ती तशीच सोडून दिली आणि शेडमध्ये जाऊन निळ्या रंगाचा डबा आणि भिंती रंगवायचा रुंद ब्रश आणला. डब्याचं झाकण दातओठ खाऊन उपटलं.

"व्हर्ना, अगं काय करतेस?" मर्लिन म्हणाला. "सही केली नाहीस तर उद्यापासून छापता येणार नाही तुला. क्लबचं काय? आमचे डबे कोरे पडलेत."

"तुमच्या डब्यांना मोठ्या कंपनीचा बगळा मिळेल, मर्लिन. परवान्याचा. खऱ्या इंजिनावर आहे अगदी तसा, जाड पायाचा. हुबेहूब पाहिजे असतं ना तुम्हाला? आता तोच हुबेहूब." तिने ब्रश बुडवला. "ताता, बघून झालं?"

लॅडने तिच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं, मग दाराकडे. त्याच्या लक्षात आलं: कॅमेऱ्याला पाय मिळणार नव्हता. त्याने आणखी थोडा वेळ बगळा डोळे भरून बघून घेतला.

"झालं," तो म्हणाला. "पाणी कुठवर आणतेस?"

"पोटापर्यंत."

"आण. पूर आलाय म्हणावं."

तिने ब्रश आडवा फिरवला. एका हाताने, दाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोटं गेली. दुसरा हात, गुडघा गेला. निळा रंग फळ्यांवरून ओघळत होता आणि ती थांबत नव्हती. प्रत्येक फटकाऱ्याबरोबर तिच्या घशातून एक हुंकार निघत होता, ज्याला शब्द म्हणता येणार नाही. पिसांना रंग टेकला तेव्हा ती थांबली. बगळा पाण्यात उभा होता, मान वळवून, रुळाकडे बघत.

कोर्टनी कॅमेरा घेऊन परत आली आणि जागीच उभी राहिली.

"पाय कुठे गेला?"

"पाण्यात," लॅड म्हणाला.

व्हर्नाने ब्रश डब्यात टाकला. मग टोचणीचा कागद उचलून गुंडाळला, घट्ट, नीट, कडा जुळवून. रंगाने बरबटलेल्या बोटांचे निळे ठसे त्यावर उमटले, त्याची तिने पर्वा केली नाही. नळीत घातला.

"मिस क्रेमेनाक, सही नसली तरी हे चिन्ह कंपनीचंच आहे," कोर्टनी हळूच म्हणाली. "हे रुळावरून दिसतं. मला पुन्हा पत्र पाठवावं लागेल."

"पाठवा की," व्हर्ना म्हणाली. "पत्ता आहेच तुमच्याकडे. कॉफी गार झाली असेल, दुसरी करते. मर्लिन, तू आत ये, बाईंना सोडून यायच्या आधी पोटभर खाऊन घे. आणि हे धर."

तिने नळी त्याच्या हातात दिली आणि शिडीकडे बोट दाखवलं. मर्लिन क्षणभर घुटमळला. मग जड अंगाने एकेक पायरी चढत गेला, आणि नळी आढ्यावर होती तिथे, भिंतीच्या बाजूला, खालून दिसणार नाही अशी आत सरकवून ठेवली.